पाणी बाधलंय

सारजाबाईंच्या घरात आजवर कुणाला सर्दी झालेली नाही. शिंका येतात, नाकं वाहतात, पोरं रात्र रात्र खोकतात, पण सर्दी म्हणून कुणाला होत नाही. सारजाबाईंच्या लेखी त्याला एकच नाव : पाणी बाधलं. पाहुण्यांच्या गावाला जाऊन आलं की तिथलं पाणी बाधतं, बोअरला नवं पाणी लागलं की ते बाधतं, आणि काहीच सापडलं नाही तर उन्हातून येऊन घटाघटा प्यालेलं बाधतं. आजार म्हणजे कसा, माणसानं अंथरूण धरलं पाहिजे, गल्लीतल्या बाया बघायला आल्या पाहिजेत. नाक गळतंय म्हणून कुणी आजारी असतं होय? सेलूजवळच्या त्या गावात सून म्हणून आलेल्या राजेश्रीनं सासूकडून तिखटाचा हात उचलला तशी ही भाषाही उचलली. ती इतकी अंगवळणी पडली की सर्दी हा शब्द तिच्या तोंडी येईनासाच झाला.

राजेश्रीचं माहेर पिंगळीचं. माहेर म्हणजे तरी काय, आई-बाप दोघंही गेलेले, उरला होता एक थोरला भाऊ, रामप्रसाद. लहानपणीची कावीळ त्याच्या रक्तात दबा धरून बसली होती. चाळिशी ओलांडल्यावर तिनं डोकं वर काढलं आणि त्याचं लिव्हर पार निकामी करून टाकलं. लिव्हर म्हटलं की लोकांना दारूच आठवते. सुपारीसुद्धा न खाणाऱ्या रामप्रसादला गावानं मागच्या मागं दारुडा करून टाकलं. डॉक्टर म्हणाले, घरच्या कुणाचा तरी तुकडा बसवावा लागेल. त्याची बायको ज्ञानेश्वरी सगळ्यांच्या आधी पुढं झाली, पण तिचा रक्तगट जुळला नाही. ती दवाखान्याच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडली. मग राजेश्री तपासली, आणि तिचं सगळं जुळलं.

तिचा नवरा भारत मोजकंच बोलणारा माणूस. "तुजा भाऊ हाय, तूच ठरव. मी संगं येतो," एवढंच तो म्हणाला. सारजाबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. "भाऊबीजंला भावानं बहिणीला ओवाळणी घालायची असती. ही तर उलटीच गंगा." पण हैदराबादहून ऑपरेशन करून सून घरी आली तेव्हा याच बाईनं तिला तीन-चार महिने पाण्याची कळशी उचलू दिली नाही, आणि सांगेल त्याला टाक्यांची लांबी हात पसरून दाखवली.

त्या वर्षीची येऊ घातलेली भाऊबीज राजेश्रीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. ऑपरेशननंतर बहीण-भाऊ भेटलेच नव्हते. ती तिच्या गावी सावरत होती, तो त्याच्या घरात कोंडल्यासारखा राहत होता. फोनवर चेहरा दिसायचा, पण राजेश्रीचं चेहऱ्यावर भागत नव्हतं. तिला टपली हवी होती. दर भाऊबीजेला रामप्रसाद डोक्यावर रुमाल टाकून पाटावर बसायचा, ती ओवाळायची, त्याच्या पायाशी वाकायची, आणि वाकल्यावर तो तिच्या डोक्यात बोटांनी हलकीच टपली मारायचा. "ऊठ आता, म्हातारी झालीस." ती दहा वर्षांची होती तेव्हाही हेच म्हणायचा. साडी काय, बाजारात मिळते. टपली फक्त पिंगळीत मिळायची.

दिवाळीत तिच्या लेकीला, शिवकन्याला, शिंका सुरू झाल्या. सारजाबाईंनी निकाल दिला, बोअरचं पाणी बाधलं. भाऊबीजेच्या सकाळी राजेश्रीच्या घशातही खवखव होती. ओव्याची चिमूट तोंडात टाकून ती पॅसेंजरमध्ये बसली. मांडीवर कानवल्यांचा डबा आणि पिशवीत ओवाळणीचं ताट. परभणी मागं पडलं तशी ती खिडकीशी सरकली आणि पिंगळीचं स्टेशन दिसायच्या आधीच उठून दारात उभी राहिली.

घराच्या दारात ज्ञानेश्वरी तोंडाला मास्क लावून उभी. हातावर औषधी पाणी ओतलं, पायातलं बाहेर काढायला लावलं, आणि विचारलं, "राजेश्रीताई, रागावू नका हं. घरी कुणी आजारी न्हाई ना?"

"न्हाई हो वैनी, सगळे खुशाल हायेत," राजेश्री म्हणाली. तिनं थाप मारली असती तर बरं झालं असतं, निदान थाप मारताना जीभ अडखळते. ती अगदी खरं बोलत होती.

तिनं ओवाळलं. कानवल्याचा तुकडा आपल्या हातानं त्याच्या तोंडात घातला. रामप्रसाद वाळला होता, पण डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता. ती वाकली, टपली बसली, आणि दोघंही असे रडले की ज्ञानेश्वरीनं आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. "आता तुज्या अर्ध्या जिवावर जगायलोय," रामप्रसाद म्हणाला. "मग नीट जग," राजेश्री म्हणाली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसून राहिली. इतकं बरं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

आठवडा उलटायच्या आत रामप्रसादला ताप भरला. परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि हातात चिठ्ठी देऊन लगेच संभाजीनगरला पाठवलं. राजेश्री आणि भारत तिथं पोचले तेव्हा तो काचेपलीकडे मशीनवर होता. नळी घशात, छाती मशीनच्या तालावर वरखाली होत असलेली. ज्ञानेश्वरी बाकड्यावर बसली होती. राजेश्री तिच्या शेजारी बसली, वहिनीचा हात तिनं हातात घेतला, आणि तिला खोकला आला.

तेवढ्यात बाहेर आलेले डॉक्टर थांबले. "ताई, तुम्हाला सर्दी कधीपासून आहे?"

"सर्दी न्हाई साहेब," राजेश्री म्हणाली, "पाणी बाधलंय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आमच्या लेकीला बाधलं, मग मला."

डॉक्टर याच भागातले असावेत, कारण ते हसले नाहीत आणि त्यांनी अर्थही विचारला नाही. त्यांनी फक्त एकदा ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. मग राजेश्रीला मास्क द्यायला सांगून शांतपणे बोलले. पेशंटला फ्लू झालाय, तुमच्या-आमच्यासारखा साधाच. पण नवं लिव्हर त्यांच्या शरीरानं परकं म्हणून झिडकारू नये यासाठी त्यांना रोज गोळ्या चालू आहेत, आणि त्या गोळ्या शरीराची लढायची ताकद दाबून ठेवतात. तुम्ही दोन दिवस शिंकता आणि विसरता. त्यांच्या तो सरळ फुप्फुसात उतरला. आता गोळ्या कमी कराव्यात तर लिव्हर बिथरतं, तशाच चालू ठेवाव्यात तर फ्लू आवरत नाही. दोन्ही सांभाळत आम्ही प्रयत्न करतोय.

डॉक्टर गेले. ज्ञानेश्वरीनं आपला हात सोडवून घेतला. तिनं ना आवाज चढवला, ना शिवी दिली. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकली आणि काचेकडे बघत म्हणाली, "मी विचारलं होतं ताई तुमाला. दारातच विचारलं होतं."

 भारतनं तिला उठवलं, खाली नेलं, आणि दवाखान्याच्या कँटीनमध्ये तिच्यापुढं ठेवलेला चहा तसाच निवून गेला. आपण दिलेला तुकडा आत जपायचा तर आपण दिलेलंच दुखणं वाढतं, हे तिला कळत होतं, आणि कळूनही डोक्यात मावत नव्हतं.

रामप्रसाद वाचला. मशीन निघालं, नळी निघाली, पण छाती पहिल्यासारखी राहिली नाही. चार पावलं चालला की भिंत धरायचा. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की असा दुसरा फटका याला झेपणार नाही. तो पिंगळीला परत आला आणि त्याच दिवशी ज्ञानेश्वरीनं राजेश्रीला फोन केला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका, नायतर घ्या. पण आता घरी येऊ नका. त्यायला द्यायला माज्याजवळ काही नव्हतं, ते तुमच्या वाट्याला आलं. राखायचं माज्या वाट्याला आलंय. मला राखू द्या."

राजेश्री हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग वर्षभर ती माहेराला अशी तहानली की विचारू नका. राखी पोस्टानं गेली. फोनवर रामप्रसाद हसायचा, जेवलीस का विचारायचा, आणि दोन वाक्यांनंतर धाप लागली की फोन वहिनीच्या हाती जायचा. वहिनी "बरंय" म्हणायची आणि ठेवून द्यायची. राजेश्री कापूस वेचायला जाई तेव्हा रेल्वेची शिट्टी ऐकू यायची. पॅसेंजर परभणीकडे निघालेली असायची. तिचा हात बोंडावर तसाच थांबायचा. ही गाडी आता पिंगळीला थांबेल, कुणाची तरी बहीण उतरेल, असं तिच्या मनात यायचं आणि त्या न पाहिलेल्या बाईचा तिला हेवा वाटायचा. कधीकधी न्हाताना ती पोटावरच्या व्रणावरून हात फिरवायची. आपलाच एक भाग रोज त्या घरात उठतो, बसतो, जेवतो, आणि आपल्याला मात्र त्या घराचा उंबरा बंद. असलं माहेर कुणाला मिळालं असेल?

एक गोष्ट तिनं केली. पावसाळा सरता सरता तिनं सगळ्या घराला सेलूला नेऊन फ्लूची लस टोचून आणली. सारजाबाईंना रिक्षात घालताना गल्ली गोळा झाली. "पाण्याला कुटं लस असती का?" म्हातारी ओरडत होती. राजेश्रीनं पहिल्यांदाच सासूला उलट उत्तर दिलं, "असती. मुकाट्यानं चला." शिवकन्यानं आजीचा टोचून घेतानाचा फोटो काढला आणि कुणाला न सांगता मामीला पाठवला. ज्ञानेश्वरीचं काही उत्तर आलं नाही.

दिवाळी आली. सारजाबाई म्हणाल्या, "चंद्राला ओवाळ अन् सोड." ज्या बाईला भाऊ नसतो, किंवा भाऊ लांब परमुलखात असतो, ती भाऊबीजेला चंद्राला भाऊ मानून ओवाळते. यात काही खोटं नाही, पिढ्यान्‌पिढ्या बाया करत आल्या. पण राजेश्रीला ते ऐकवेना. आपला भाऊ जिता-जागता पाच-सात स्टेशनं पलीकडं असताना चंद्राला ओवाळायचं म्हणजे तो नसल्याचं आपणच कबूल केल्यासारखं. ती ताट घासता घासता थांबली आणि तिथंच बसून राहिली.

आणि पाडव्याच्या दुपारी फोन वाजला. ज्ञानेश्वरी. "उद्या या," ती म्हणाली. "गाडीनं नका येऊ, गर्दी असती. दाजीला म्हणा मोटारसायकलीवर आणा. आत्याबाईचा लस घेतानाचा फोटू पाहिला मी." आणि मग, "ते रोज विचारायलेत तुमाला. किती दिवस न्हाई म्हणू?"

त्या रात्री राजेश्रीनं कानवले तळले आणि एकही फुटला नाही.

भाऊबीजेला दुपार कलल्यावर दोघं निघाली. तोंडाला मास्क, अंगावर नवी साडी, मांडीत ताट. रस्त्याचं काम चाललेलं, ट्रकांच्या मागं फुफाटा उठत होता. परभणी ओलांडून पिंगळीच्या वाटेला लागले आणि राजेश्रीला शिंक आली. मग दुसरी. मास्कच्या आत नाकातून पाणी आलं. तिनं भारतच्या पाठीवर थाप मारली. त्यानं गाडी बाजूला घेतली.

"धूळ हाय," भारत म्हणाला. "माज्या पण नाकात गेली. रस्ता बघितलास का?"

धूळच असणार. सकाळपासून तर ती ठणठणीत होती. घसा गिळून पाहिला, दुखत नव्हता. कपाळ चाचपलं, गार होतं. समोर, तुरीच्या रानांपलीकडं, पिंगळीची पाण्याची टाकी दिसत होती. धूळ म्हटलं की झालं. भारत साक्षीला होता. वर्षभर जी टपली डोक्यात ठुसठुसत होती ती आता गाडीला एक किक मारण्याइतकी जवळ आली होती. तिनं मास्क नाकावर ओढून घेतला. गाडी पुन्हा निघाली आणि घरासमोर येऊन थांबली.

पूर्वेला तोंड असलेलं स्लॅबचं घर, पुढं गल्ली, गल्लीपलीकडं मोकळं खळं. दार सताड उघडं होतं. आत पाट मांडलेला दिसत होता, पाटाभोवती रांगोळी. आणि पाटाच्या मागं खुर्चीत, डोक्यावर आधीच रुमाल टाकून, रामप्रसाद बसला होता. तिला बघून तो उठायला लागला.

"राजे, ये की!"

राजेश्री फाटकाबाहेरच थांबली. ज्ञानेश्वरी औषधी पाण्याची बाटली घेऊन पुढं आली. या खेपेला तिनं काही विचारलं नाही, विचारायचं तिच्या मनात नसावं. राजेश्रीलाच मागं सरकावं लागलं.

"वैनी, जवळ नका येऊ." तिचा आवाज फुटला. "मला पाणी बाधलंय."

ज्ञानेश्वरी जागच्या जागी थांबली. गेल्या वर्षी ज्या दोन शब्दांआड दडलेल्या दुखण्यानं तिचं घर उद्ध्वस्त व्हायला आलं होतं, तेच शब्द आज फाटकाबाहेरून सांगून आले होते.

"धूळ हाय हो ती, वैनी," भारत कळवळून म्हणाला. "रस्त्यानं लय धूळ हाय."

"असंल," राजेश्री म्हणाली. "धूळ असंल, पाणी असंल. मला काय कळतंय? मला कळलं असतं तर मागं तसं झालं असतं का? म्या आत न्हाई येणार. दादाला म्हणावं बस, उठू नको. इथून बघितलं, झालं."

पण झालं नव्हतं, आणि ते सगळ्यांनाच दिसत होतं. ती ताट छातीशी धरून रडायला लागली, मोठ्यानं, भर गल्लीत. आत रामप्रसाद काही बोलायला गेला आणि त्याला धाप लागली. ज्ञानेश्वरीनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा नणंदेकडं. मग वर आभाळाकडं पाहिलं. दिवस बुडाला होता.

"ताई, रडू नका. ताट लावा," ती म्हणाली. "दाजी, ताईला काडेपेटी द्या. अन् ताई, तुमी खळ्यात जाऊन उभ्या ऱ्हावा."

"चंद्राला न्हाई ओवाळायची म्या!" राजेश्री ओरडली. "माजा भाऊ हाय!"

"मी कुटं न्हाई म्हणलं? जा तर खरं."

राजेश्री खळ्यात जाऊन उभी राहिली. घरात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. जिना होता, आणि रामप्रसादला प्रत्येक पायरीवर थांबावं लागत होतं. थोड्या वेळानं गच्चीवर आधी ज्ञानेश्वरी दिसली, तिच्या बगलेत पाट. मग तिच्या खांद्याला धरून रामप्रसाद. तिनं पाट मांडला, त्याला त्यावर उभं केलं, डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"चंद्र दिसायलाय का?" तिनं वरून विचारलं.

"न्हाई! घरामागं गेलाय."

"मग मागं सरा."

राजेश्री मागं सरली. गच्चीच्या कठड्यावर कोरीचं एक टोक आलं. "अजून," ज्ञानेश्वरी म्हणाली. अजून मागं. ती जितकी दूर जात होती तितका चंद्र दादाच्या जवळ येत होता. "तुमी जरा डावीकडं व्हा हो," ज्ञानेश्वरीनं नवऱ्याला दंडाला धरून सरकवलं, आणि खळ्याच्या पार कडेला, बाभळीला पाठ टेकेपर्यंत मागं गेल्यावर राजेश्रीला ते दिसलं. बीजेची बारीक कोर अगदी रामप्रसादच्या रुमालावर येऊन टेकली होती.

तिनं ओवाळलं. चंद्राला की भावाला, ते बघणाऱ्यानं ठरवावं. वारा पडला होता म्हणून वात टिकली. मग तिनं ताट भारतच्या हाती दिलं आणि खळ्याच्या मातीत कपाळ टेकलं.

गच्चीवर रामप्रसादनं कठडा धरला. बोलायला त्याच्याकडं दम नव्हता. त्यानं दोन बोटं उचलली आणि कठड्यावर हलकीच टपली मारली. एवढ्या लांबून तिचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी राजेश्री उठली नाही, तशीच वाकून राहिली.

"ऊठ म्हणायलेत," ज्ञानेश्वरी वरून ओरडली, आणि तिचाही आवाज चिरकला, "म्हातारी झालीस म्हणायलेत!"

कानवल्यांचा डबा परत आला. येताना मानवत रोड ओलांडेपर्यंत राजेश्रीचा घसा धरला, आणि घरी पोचेपर्यंत अंग फणफणलं. भारतनं तिच्या कपाळाला हात लावला आणि धुळीविषयी पुन्हा चकार शब्द काढला नाही. आणि राजेश्री? ताप आला म्हणून इतकी खूश झालेली बाई सारजाबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. गोधडीतूनच तिनं फोन लावला.

"वैनी, धूळ न्हाई. ताप हाय. चांगला कडक ताप हाय!"

 "बरं झालं ताई," पलीकडून ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि आपण आजारी माणसाला काय बोललो हे कळून तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. नाक ओढून तिनं आवाज सारखा केला.

"पाट गच्चीवरून आणला, पण उचलून ठेवला न्हाई म्या. खालीच मांडून ठेवलाय. बऱ्या झालात की या."